राग कोणाचा?

दादा, परतवाड्याच्या स्टँडवर तू माझी पेटी बसवर चढवत होतास आणि बाबा खिडकीखाली उभे राहून एकच सांगत होते, "तिकडच्या चर्चमध्ये गाणी गाय, पण नावासाठी गाऊ नको." लग्न होऊन जबलपूरला निघालेल्या लेकीला बाप दुसरं काही सांगतो. आपल्या बाबांना तेवढंच सुचलं. उभा जन्म त्यांनी गावच्या चर्चमध्ये हार्मोनियम वाजवलं, गीतांना चाली लावल्या आणि कुठल्याच वहीत स्वतःचं नाव लिहिलं नाही.

त्यातली एक चाल मी इथं मदन महालच्या आमच्या चर्चमध्ये आणली. तिच्यावर हिंदी शब्द बसवले, दर शनिवारी बायकांकडून घोटून घेतली. माझी मराठी इथं पार विटली, घरात पोटची लेक रूथ माझ्याशी हिंदीतच बोलते, पण ती चाल मी बिघडू दिली नाही. यंदा चर्चनं गीतांचं पुस्तक छापायला काढलं आणि क्वायरच्या मास्तरांनी त्या गीतावर खुशाल स्वतःचं नाव घातलं!

मी भांडायला गेले तर पाळकांची बायको म्हणाली, "दीदी, मसीही जीवन में नम्रता चाहिए." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नम्रता नेहमी चर्चचा चहा गाळणाऱ्या बाईलाच का शिकवतात? ज्याचं नाव छापतात त्याला का नाही? तुला फोन केला, तर तू म्हणालास, "काहून भांडून राहिली? बाबा असते तर गप्प बसले असते." मला तुझाही राग आला आणि बाबांचाही.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळक पुस्तकाचं प्रूफ घेऊन उभे राहिले. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "दीदी, इस गीत का राग किसका है?" ते चालीबद्दल विचारत होते. मला राग एवढंच ऐकू आलं, आणि तेही मराठीत.

"मेरा है!" मी ओरडले. "और बिल्कुल सही है!"

पाळकांनी मास्तरांचं नाव खोडून तिथं माझं लिहिलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

घोटाळा तिथल्या तिथं माझ्या लक्षात आला, दादा. तरी मी गप्प बसले. टाळ्या गोड लागल्या, खोटं कशाला बोलू. घरी आल्यावर रूथनं विचारलं, "आई, ये राग सच में आपने बनाया?" आणि माझ्या तोंडातून "हो" निघून गेलं. लेकीला मराठीत दिलेलं उत्तर, तेही खोटं. मास्तरांना मी चोर म्हणत होते, आणि बापाच्या घरात चोरी मीच केली.

दुसऱ्या दिवशी रूथला सोबत घेऊन पाळकांकडे गेले. तिच्यादेखत माझं नाव खोडलं आणि बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. माझ्या नावावर पाणी सोडायचा हक्क माझा आहे. बाबांच्या नावावर पाणी सोडणारे मास्तर कोण आणि मी तरी कोण?

पुस्तक पाठवतेय. तुला पटणार नाही. बाबांना तर मुळीच पटलं नसतं, वर भेटले की आधी मला रागावतील. रागावू देत. परतवाडा सुटला, जबलपूर अजून पुरतं माझं झालं नाही. बाबा जिथं मला रागावतील, तेच आता माझं घर.