माझं गाऱ्हाणं तिने घातलं

देव माझ्यावर कोपला असेल, असं आयुष्यात एकदाच वाटलं. साठ सालच्या आसपासची गोष्ट, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान माझा. मी एकेका देवाचं नाव घेऊन मागायचं आणि गावाने ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. आवाज खणखणीत, आणि त्याचा तोराही काही कमी नव्हता. खालची किडकी दाढ मात्र वर्षभर ठणकायची. लवंग दाबून मी वेळ मारून न्यायचो. जत्रेनंतर हनुवटीखाली सूज आली ती गळ्यापर्यंत उतरली, लाकडासारखी टणक. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. गाऱ्हाण्यात एखाद्या देवाचं नाव राहिलं, त्याचाच हा कोप, असं भावकीने ठरवलं. नारळ झाले, कोंबडा झाला. मीही तापात नावं आठवत पडलो होतो. ती भरतीच्या पाण्यासारखी यायची आणि परत जायची. श्वास घेताना गळ्यात शिट्टी वाजू लागली, तेव्हा कुणालाही न विचारता बायकोने मला मालवणच्या होडीत घातलं.

ओहोटी लागली होती. होडी मध्येच वाळूत रुतली, आणि नावाडी म्हणाला, भरतीची वाट बघूया. पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालं होतं, मी त्यात कुठे आहे तेच कळेना. भरती येईतोवर श्वास पुरणार नाही एवढं कळत होतं. मी फार घाबरलो होतो, आणि देवाला हाकही मारता येत नव्हती. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. पण ती उभी राहिली आणि तिने हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, आजपावत गावाचा गाऱ्हाणा ह्येंनी घातल्यानी. आज ह्येंचा तोंड उघडना नाय. ह्येंका त्या काठार लाव रे म्हाराजा.”

होडीत मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघालेल्या बायका होत्या, कुठल्या गावच्या कोण जाणे. त्या एका सुरात म्हणाल्या, “होय म्हाराजा!” मग लुगडी खोचून पाण्यात उतरल्या आणि होडी ढकलू लागल्या. होडी हलली, एवढंच मला आठवतं.

मालवणच्या डॉक्टरांनी गळ्याला चीर देऊन पू काढला, पेनिसिलीन दिलं, ती दाढ उपटली. दाढेच्या मुळातला पू जिभेखालून गळ्यात उतरला होता, म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर श्वासच कोंडला असता. कोप कुणाचाच नव्हता. पुढे कितीदा तरी बाजारात मी त्या बायकांना शोधलं. एकही सापडली नाही.

पुढच्या जत्रेला मी मान चुलतभावाला दिला आणि मागे गर्दीत उभा राहिलो. घाबरून तो एका देवाचं नाव विसरला. मला ते कळलं, माझ्या ओठांवर आलंही. पण मी डोळे मिटले आणि सगळ्यांबरोबर म्हणालो, होय म्हाराजा.