बाळंतिणीचा मासा

केरीच्या किनाऱ्यावर रापणीचं मोठं जाळं ओढायला हात लावला की मासळीचा वाटा मिळतो. यंदा बाबांच्या वाट्याला बदकासारख्या चपट्या तोंडाचा मोठा मासा आला. बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती; बाळ झालं, पण दूध उतरत नव्हतं. मोरीसारखा, म्हणजे लहान शार्कसारखा, हाही मासा बाळंतिणीला दिला की दूध येतं, असं आमच्याकडे म्हणतात. कोण म्हणतं, कुणास ठाऊक.

वाळूत टाकताच त्या मादीच्या पोटातून जिवंत पिल्लं घरंगळली. तशीच चपटी, इवली तोंडं उघडत-मिटत होती. मी ती पाण्यात सोडली, लाटेने परत आणून टाकली. कावळे टपलेलेच होते.

आईने माशाचं हुमण शिजवताना विचारलं, "आत अंड्यांची गाबोळी नव्हती?"

बाबा हात धूत म्हणाले, "नाही."

दुसऱ्या दिवशी बहिणीला पान्हा फुटला. आईने समुद्राच्या दिशेने हात जोडले.