आईची स्लाइड

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी शांती नगरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले. लॅब कसली, एक गाळा, मध्ये पडदा. कोर्स नुकताच संपलेला, अंगात मस्ती चिक्कार. पुस्तकात जीवाणू वांग्याएवढा काढलेला असतो. पेशीभित्तिका, पटल, शेपटी, सगळ्याला बाण मारलेले. लेन्सखाली ना भिंत दिसते ना शेपटी, नुसती काडी, आणि टेबलाला धक्का लागला की तीही गायब. पण टीबीचा जीवाणू मी झोपेतही ओळखीन अशी माझी समजूत. त्याच्या अंगावर मेणचट कवच असतं. लाल रंग एकदा चढला की ॲसिडने धुतला तरी सुटत नाही. बाकी सगळं निळं, तेवढाच लाल. यात चुकायचंय काय?

मग आईला खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी हटेना. ती बालवाडीत शिकवायची. टीबी हा शब्द बिल्डिंगमध्ये कुणी नुसता उच्चारला असता तरी दुसऱ्या दिवशी एकही पोर तिच्याकडे फिरकलं नसतं, आणि त्या पोरांवाचून आई खंगली असती, हे मी आजही लिहून देते. मी तिच्या हातात एक डबी दिली.

"सकाळी उठल्या उठल्या खाकरून यात थुंक. मला सराव करायचाय."

"अगं बये, आता थुंकीपण साठवायची का घरात?" ती हसली, आणि हसता हसता खोकत बसली.

दुपारी लॅबमध्ये मी एकटीच होते. स्लाइड रंगवली, तेलाचा थेंब टाकला, मोठी लेन्स फिरवली. लाल काडी! थोडं सरकवलं, आणखी दोन. पुढच्या दहा जागा रिकाम्या, मग पुन्हा एक. पण ती अशी वर तरंगल्यासारखी, की तिच्यावर फोकस केला तर खालचं निळं धूसर व्हायचं. हा काय प्रकार? रंगाचा गाळ म्हणावा तर आकार अगदी पुस्तकातला.

काय सुचलं देव जाणे, मी स्वतःचीच थुंकी काचेवर घेतली. मला ना खोकला, ना ताप. तरी लाल काड्या, आणि आईपेक्षा जास्तच! आता मात्र डोकं चक्रावलं. मला आईकडून लागला? की मीच रोज लॅबमधून घरी नेला आणि आईला दिला? की दोघींना काही नाही आणि माझेच डोळे गेलेत? डोळे चोळून पुन्हा बघितलं. होत्याच. चिडून स्टुलाला लाथ मारली, लागलं मलाच.

संध्याकाळी मॅडम आल्या. या आमच्या डॉक्टर. लेन्सखाली बघायचं मी, रिपोर्टवर सही त्यांची. बाई भारी फटकळ. मी दोन्ही स्लाइड पुढे ठेवल्या आणि रडायलाच लागले. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"धुतल्यास कशाने?"

"पाण्याने."

"कुठल्या?"

"ड्रममधल्या. टँकरच्या. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन संपलाय ना, मॅडम."

"कधी संपला?"

"झाले तीन आठवडे. म्हटलं, पाणी ते पाणी."

"अक्कल गहाण टाकलीस का गं? साध्या पाण्यात टीबीच्या जीवाणूचे भाऊबंद असतात. कवच तसंच, रंगही तसाच धरतात. माणसाला बहुतेकदा काही करत नाहीत, पण धुताना काचेवर, थुंकीच्या थराच्या वर येऊन बसतात."

दुसऱ्या दिवशी नवा कॅन आला. नव्या काचा, नव्याने कालवलेला रंग. माझी स्लाइड साफ. आईच्या तीन सकाळच्या तीन स्लाइड, तिन्ही साफ. मी येड्यासारखी हसत सुटले.

"हसतेस काय?" मॅडम म्हणाल्या. "रजिस्टर आण."

तीन आठवड्यांत चार जणांपुढे माझ्या अक्षरात पॉझिटिव्ह लिहिलेलं होतं. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आईची होती म्हणून ती स्लाइड मी दहादा बघितली. या चौघांच्या स्लाइड मी एकदा बघून धुवायला टाकल्या होत्या. यातलं खरं किती, टँकरचं किती, कसं कळायचं?

चौघांना निरोप गेले. तिघे आले. एकाला खरंच टीबी निघाला, दोघांना नाही. चौथी माझ्याच वयाची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेली. ती येईना म्हणून मी तिच्या घरी गेले. सासूने दार अर्धवट उघडलं.

"वहिनी आहेत का? त्यांची थुंकी पुन्हा तपासायचीय. आमच्याकडून चूक झाली असेल."

"ती माहेरी. रिपोर्ट आला त्याच दिवशी पोचवली तिला."

"पत्ता द्या ना, मी पत्र टाकते. कदाचित तिला काही नसेलच हो."

"आता असलं काय नि नसलं काय," सासू म्हणाली. "मुलासाठी दुसरी बघतोय आम्ही."