हौसाची ठासणीची सवत

हौसाला सवत होती, पण दुसरी बाई नव्हे हो. ती होती ठासणीची बंदूक. पडवीत खुंटीवर टांगलेली, लांबलचक, काळी, अंगावर पितळेच्या कड्या. हौसाच्या गळ्यात काळी पोत तेवढी, आणि हिचं पितळ बघावं तर लखलखतंय. जळफळाट सुरू झाला तो तिथनंच.

नवरा धाकू, रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीतला. डुकरं भात उधळायची म्हणून त्याला परवाना मिळालेला. हौसा त्याचं नाव कधी घेत नसे. तेव्हा कोणती बाई घेई? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. धाकट्या दिरालासुद्धा ती 'लहाने भावोजी' म्हणायची, न जाणो, 'धाकटे' म्हणताना नवऱ्याचं नाव अर्धं तोंडातनं निसटायचं.

धाकू माणूस गरीब. बायकोवर कधी हात नाही, आवाज नाही. पण बंदूक हातात आली की बायको त्याला दिसतच नसे. तेलाची वाटी घेऊन बसायचा, नळी आतनं पुसायची, बाहेरनं पुसायची, लाकडी दस्त्यावरनं हात फिरवत राहायचं. हौसा चुलीपाशी बसून बघायची. तिच्या केसांना तेल पुरत नव्हतं, आणि हा लोखंडाला चोळतोय.

एकदा ती बोललीच, "वेणी पण घाला तिची."

"केस असते तर घातली असती गो," म्हणाला, आणि आपलाच हसला.

दसऱ्याला देवळापुढच्या आंब्याला नारळ टांगायचे. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक तो लांबून नेम धरी. गोळी एकच मारायची. छर्रे भरून पाडला तर तो नारळ धरत नसत, छर्रे विखरून कुठंही लागतात, त्यात नेम कसला? ज्याच्या गोळीनं नारळ फुटेल त्याच्या घरचा दिवा त्या वर्षी देवीपुढं पहिला. तो मान वर्षानुवर्षं धाकूचा. दिवा घासायची हौसा, वात वळायची हौसा, आणि देवळात बायका म्हणायच्या काय, "हौसे, तुमची बंदूक भारी गो!"

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या साली धाकू दारू आणायला रत्नागिरीला निघाला. प्यायची नव्हे हो, बंदुकीची. हौसानं दसऱ्यासाठी हिरव्या बांगड्या सांगितल्या. संध्याकाळी तो आला आणि पडवीत बसून बाजाराची कथा सांगायला लागला. दारू तळहातावर चोळून बघितली, काळी भुकटी हाताला लागली तर ती जुनी, दाणा टणक हवा. चिमूटभर कागदावर ठेवून दुकानामागं पेटवली, भस्सकन गेली आणि कागद तसाच राहिला, म्हणजे माल चांगला. शिशाच्या गोळ्या एकेक बोटात फिरवून नळीच्या मापाच्या निवडल्या. बार पेटवायच्या तांब्याच्या टोप्या वेगळ्या डबीत घेतल्या, त्या दारूशेजारी ठेवायच्या नसतात. हौसा वाट बघत होती. शेवटी तिनं बांगड्यांचं विचारलं.

"विसरलो गो."

"गोळी बोटात फिरवून घेतलीत. माझ्या मनगटाचं माप तेवढं आठवलं नाय."

आता ती दारू ठेवायची कुठं? चुलीजवळ नेता येत नाही, आणि ओल लागली की फुकट. आमच्याकडं पावसात कोरडी जागा म्हणजे भाताची कणगी. तेव्हा धाकू दारू भरलेलं बैलाचं पोकळ शिंग हौसाच्या कणगीत, भातात पुरून ठेवायचा. म्हणजे सवतीचा फराळ हिच्याच राखणीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो रानात गेला. हौसानं शिंग उपसलं, बूच काढलं आणि परसात अळवाच्या ओलीत ठेवून दिलं. तिन्हीसांजेला परत कणगीत. तिच्या मनात एवढंच, एकदा तरी ही रांड चारचौघांत तोंडघशी पडावी.

दुसऱ्या दिवशी देवळापुढं गाव जमला. धाकू एरवी चिमूटभर दारू चोळून बघायचा. त्या दिवशी कोणी म्हणालं, "बघून घे रे." तर हा म्हणतो कसा, "घरच्या कणगीतली हाय. तिच्यात काय बघायचं?" हौसाच्या कानावर ते आलं आणि तिला कसंतरीच झालं.

त्यानं मापानं दारू घातली, वर काथ्याचा बोळा ठासला, मग गोळी, आणि अगदी शेवटी टोपी. नेम धरला. टोपी खट् वाजली. बार नाही.

"धाकू, बायको रुसली रे तुझी!" बापयेमाणसं हसली. बायको म्हणजे बंदूक. हौसाला बरं वाटलं, आणि तेच बोलणं झोंबलंही.

बार फुसका गेला की नळी नारळाकडंच धरून गप उभं राहायचं, आत ठिणगी धुमसत असते. हे हौसाला धाकूनंच शंभरदा सांगितलेलं. पण गावासमोर लाज गेलेली. त्यानं दस्ता जमिनीवर टेकला आणि नळीखालचा ठासायचा गज काढायला तिच्या तोंडावर वाकला. हौसाला दिसलं, टोपीखालनं बारीक धूर येतोय. दारू मेली नव्हती, ओली होती, आणि ओली का होती ते एकट्या तिलाच ठाऊक.

"अवो!" ती ओरडली. सगळ्याच बायकांचे नवरे 'अवो'. चारपाच जणांनी माना वळवल्या, धाकू सोडून.

"धाकू!"

नाव घेतलं कोणी म्हणून धाकू ताठ झाला, वळला, आणि कानाशेजारनं बार उडाला. मुंडाशाचा सोगा जळून गेला. डोकं जागेवर राहिलं.

त्या साली पहिला दिवा दुसऱ्याच्या घरचा. लोक नारळाचं बोललेच नाहीत, हौसानं देवीपुढं नवऱ्याचं नाव घेतलं याचंच बोलले. शेजारच्या गंगुबाईनं तर तोंडावर पदर घेतला.

घरी येताना वहाळापाशी धाकूनं विचारलं, दारू ओली कशी झाली? हौसानं सांगून टाकलं. तो पाय पाण्यात ठेवून उभाच राहिला.

"तिच्यापायी?"

"तिच्याच."

मग वहाळ ओलांडला. पलीकडनं म्हणाला, "तिला काय माझं नाव घेता येतंय?"

पुढच्या साली तो हौसाला रत्नागिरीला घेऊन गेला. आधी बांगड्या भरल्या, मग दारू. तळहातावर चोळून बघितली ती हौसानं. तेव्हापासनं शिंग तिच्याच ताब्यात. पण जळणं काही गेलं नाही हो. बंदुकीला तिनं तेलाचं बोट कधी लावलं नाही. दसऱ्याला माप भरून देताना धाकू म्हणायचा, नारळ लांब बांधलाय, चिमूटभर जास्ती घाल. हौसा बूच लावून टाकायची.

"तेवढ्यात भागव म्हणावं तिला."