कुणाचं उष्टं खाल्लासा?

अनू आणि रोहन,

परवा व्हिडिओ कॉलवर अनूनं बोलता बोलता ओठांवर हात धरला आणि मग कॅमेराच बंद केला. "आजी, ओठावर ते तापाचे फोड आलेत गं. इथं फार घाण समजतात. बरे होईपर्यंत मी ऑफिसला जात नाही." त्या काळ्या पडद्याशी मी हवापाण्याचं बोलत राहिले. फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं. रागानं. तुझ्यावर नव्हे, अनू. ज्यांच्यावर होता, त्यांची गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. आता सांगते.

कोल्हापुरातल्या एका खाजगी शाळेत मी नुकतीच इंग्रजी शिकवायला लागले होते. आमचं घर चांभाराचं. माझे वडील चपला शिवायचे. त्यांची लेक मोठ्या घरच्या पोरांची स्पेलिंगं दुरुस्त करते, हे काहींना बघवत नव्हतं.

शाळेच्या खेळांच्या स्पर्धा झाल्या. दिवसभर उन्हात उभी राहून मला ताप आला, आणि ताप उतरताना ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठला. मधल्या सुट्टीत आम्ही सगळे शिक्षक चहा पीत होतो. संस्थाचालकांच्या पत्नी आत आल्या. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत. सगळे उठून उभे राहिले. मीही. त्या माझ्यापाशी थांबल्या.

"काय ओ बाई, तोंडाला काय झालंय? कुणाचं उष्टं खाल्लासा?"

कुणीतरी हसलं.

"तुमच्या गल्लीत चालत असंल. हितं न्हाय चालायचं." मग शिपायाला म्हणाल्या, "तात्या, त्यो कप हातानं उचलू नगा. सांडशी आणा."

तात्यांनी सांडशी आणली. माझा अर्धा प्यालेला कप तिच्यात धरून ते सगळ्यांच्या समोरून चालत गेले आणि बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आले. मी पदर तोंडाला लावून उभी.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेले. विचारताना रडले. त्या म्हणाल्या, "अहो, हा विषाणू आहे. बहुतेकांना लहानपणीच मिळतो, घरातल्याच कुणीतरी पापा घेतल्यावर. मग तो अंगात दडून बसतो. ऊन, ताप, दमणूक झाली की वर येतो. तुमच्या वागण्याशी त्याचा काही संबंध नाही." फोड वाळेपर्यंत कप आणि टॉवेल वेगळा ठेवा, असंही त्यांनी सांगितलं. म्हणजे कप वेगळा ठेवणं बरोबरच होतं. मी स्वतःच ठेवला असता. पण सांडशी?

फोड वाळला. खपली पडली. कप खिडकीतच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनीसाहेबांच्या भाचीच्या ओठावर तसाच झुबका उठला. ती शाळेत गाणं शिकवायची. वहिनीसाहेबांनी तिला स्वतःच्या हातानं चहा दिला. "पोरगी दमलीया. ताप फुटलाय ओठावर. बस गं, वर्गावर जाऊ नगंस." तिचा कप सगळ्यांच्या कपांत परत गेला.

तिच्या ओठावर तो ताप. माझ्या ओठावर ते उष्टं. माझं रडू त्या दिवशी संपलं. मी वाट बघायला लागले. बहुतेकांच्या अंगात तो विषाणू असतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

वहिनीसाहेबांना नातू झाला. बारशाला बंगल्यात सगळ्या शिक्षकांना बोलावणं होतं. आम्हाला मागं बसवलं. वहिनीसाहेबांनी त्या दिवशी लिपस्टिक जाड लावली होती, आणि ओठाचा एक कोपरा सुजला होता. मी ओळखलं. नाव ठेवून झालं. पाळण्यातून बाळ उचलून त्या पापा घ्यायला वाकल्या. मी उभी राहिले.

"वहिनीसाहेब, थांबा. बाळाचा पापा घेऊ नका. तुमच्या ओठावर फोड आहे. एवढ्या लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतं."

सुनेनं पुढं होऊन बाळ त्यांच्या हातातून काढून घेतलं. पाळण्यापाशी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, हाय की खरंच! लिपस्टिकखाली दडीवलाय बघ."

बाळासाठी तेवढं पुरेसं होतं. पुढचं मी माझ्यासाठी विचारलं.

"कुणाचं उष्टं खाल्लासा?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मी डोळे भरून बघितलं.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी बोलावलं. "बाई, चूक झाली म्हणा. मिटवून टाकू."

"आधी त्यांना म्हणू दे."

"त्या म्हणतील होय?"

"मग मी पण न्हाय."

नोकरी कायम होती, म्हणून ती काढून घेता आली नाही. दहावीचा वर्ग काढून घेतला. निवृत्त होईपर्यंत मला पाचवीच दिली. मी पाचवीच शिकवली. माफी मागितली नाही.

अनू, आता नीट ऐक. ओठ चुरचुरायला लागला की फोडाची वाट बघू नकोस, लगेच डॉक्टरांनी दिलेलं मलम लाव. सारखं येत असेल तर गोळ्यांचं विचार. खपली काढायची नाही. हात लागला तर धुवायचा, तो हात डोळ्याला तर अजिबात लावायचा नाही. डोळा दुखला तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. वाळेपर्यंत कप, टॉवेल, लिपस्टिक कुणाला द्यायची नाही, कुणाचा पापा घ्यायचा नाही. उन्हात जाताना टोपी घाल, ओठांना ऊन अडवणारं मलम लाव.

आणि ऑफिसला जा. कॅमेरा चालू ठेव. कुणी विचारलं तर विषाणूचे फोड आहेत म्हणून सांग. कुणी हसलं तर त्याला तेच परत मोठ्यानं बोलायला लाव, आणि त्याचं नाव लक्षात ठेव. रोहन, हे तुलाही लागू आहे.

वहिनीसाहेब अजून आहेत. थकल्या आहेत. गेल्या महिन्यात रंकाळ्यावर बाकावर बसलेल्या दिसल्या. मला बघून हात जोडले, म्हणाल्या, "बऱ्या हायसा न्हवं बाई?" मी उत्तर दिलं नाही. पुढंही देणार नाही. माझा राग शाबूत आहे.