मूठभर जुनं तूस

"गायकवाड, पिंजऱ्यांची कार्डं तुम्हीच उलटसुलट केलीत," इन्चार्ज डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले. सोमवारपर्यंत कबूल करा, नाहीतर घरी बसा.

मी शीळफाट्याजवळच्या एका लॅबच्या ॲनिमल हाउसमध्ये अटेंडंट होतो. पांढऱ्या उंदरांचं खाणं, पाणी, सफाई. शिक्षण सातवी. डॉक्टर परदेशात शिकलेले, येऊन चार महिने झालेले.

प्रयोग असा. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन. मोठ्या माणसाचं मन ते ताळ्यावर ठेवतं म्हणतात. पण डोळे न उघडलेल्या पिल्लात त्याचं काम वायरमनचं. कुठली नस कुठे जोडायची, हे ठरवायला ते मदत करतं. त्या दिवसांत ते कमी-जास्त झालं तर वायरिंग बिघडतं आणि जनावर पुढे घाबरट निघू शकतं. म्हणून प्रयोग करणाऱ्या श्रुती मॅडम अर्ध्या पिल्लांना ते बिघडवणारं औषध टोचायच्या, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. मोठी झाल्यावर त्यांना उंच फळीवर सोडायचं. धीट उंदीर उघड्या बाजूला जातो, घाबरट भिंतीच्या आडोशाला बसतो.

पाणी टोचलेलेही आडोशालाच बसले. सगळेच्या सगळे. टोचायचं ते कार्ड बघून; म्हणजे कार्डं बदलल्याने सगळ्यांनाच औषध गेलं, आणि बदलणारा चोर अटेंडंट.

मी म्हटलं, घोळ कार्डांत नाही, तुमच्या सफाईत आहे. पिंजऱ्यात भाताचं तूस अंथरतात. पिंजरा बदलताना मी जुन्या तुसातली एक मूठ नव्यात टाकायचो. डॉक्टरांनी आल्याआल्या ते बंद केलं. रोज नवा पिंजरा, सगळं नवं तूस. फोटोत झकास दिसायचं. पण पिल्लांच्या आईला स्वतःचा वास सापडेना. ती कोपरे उकरत फिरायची, पिल्लांना चाटायची नाही.

हे मला कळलं, कारण माझी बायको त्याच सुमारास गेलेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा विधी आटोपला आणि सुनेने घर धुऊन काढलं, बायकोच्या गोधडीसकट. ठाकुर्लीच्या त्या चकाचक खोलीत मीही तसाच फिरत होतो.

"वासाने मेंदू बनत नाही, गायकवाड," डॉक्टर म्हणाले.

"मग दोन्ही तऱ्हेचे पिंजरे लावा नि तासभर बसा माझ्याबरोबर. चुकलो तर राजीनामा देतो. माझं अक्षर वाईट आहे, मॅडम लिहितील."

डॉक्टरांना मीटिंग होती. मॅडम घड्याळ घेऊन बसल्या. जुनी मूठ टाकलेल्या पिंजऱ्यातली आई लगेच पिल्लं गोळा करून चाटायला लागली. दुसरी तासभर उकरत राहिली. मॅडमचा चेहरा उतरला.

"काका, आईच्या चाटण्यानेसुद्धा पिल्लांचं सेरोटोनिन वाढतं. मी प्रेझेंटेशनमध्ये तीनदा सांगितलंय हे."

"मग सफाईची ऑर्डर निघाली तेव्हा का नाही बोललात?"

"सर होते ना समोर."

सोमवारी मॅडम ते आकडे घेऊन थेट डायरेक्टरकडे गेल्या. माझं घरी बसणं थांबलं. पुढची पिल्लं जुन्या मुठीवर वाढवली. पाणी टोचलेली उघड्यावर हिंडली, औषधवाली आडोशाला बसली. प्रयोग वाचला.

माफी कोणी मागितली नाही. डॉक्टरांनी जुनं तूस कसं ठेवावं याचे तीन पानी नियम स्वतःच्या सहीने काढले आणि मला त्याचं ट्रेनिंग दिलं. ते मिळाल्याची सही मी केली. साहेबाची चूक तोंडी सांगितली तर ती आपल्या नावावर चढते. मोजून दिली तर साहेबाचा नियम होतो. दोन्हीत आपण सही करायची.