झुबाराचा किल्ला आणि जावईबापूंची शिकवणी

बाबांचा आखातातला व्हिजिट व्हिसा संपायला आठवडा उरला होता आणि त्यांनी मॉलला यायला साफ नकार दिला. "दुकानं काय बघायची? किल्ला हाय का इथं एखादा?" मग शुक्रवारी सकाळी अबू हमूरच्या आमच्या घरून आम्ही झुबाराला निघालो.

जायचं असेल तर थंडीतच जा. उत्तरेकडचा हायवे झकास आहे, दीडएक तासात पोचता. गाडी मात्र हवीच. पेट्रोल, इथला दाट दुधाळ करक चहा, पराठा सगळं शहरातच उरका. पुढे नुसती वाळू.

बाबा खडकीला लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत हवालदार होते. इंग्रजांनी बांधलेल्या दगडी बराकींची डागडुजी त्यांच्याकडे असायची, शेवटी शेवटी तिथल्या छोट्या म्युझियमची देखभालही. रविवारी ते दादाला तिकडे न्यायचे. मी मागे लागले की म्हणायचे, "पोरींचं काय काम तिथं?" दादा आता विमा विकतो. सिव्हिल इंजिनिअर झाले ती मी! आज तरी बाबा मला दाखवतील, या आशेवर मी गाडी चालवत होते.

किल्ला आटोपशीर आहे. तीन बुरूज गोल, एक चौकोनी, मधे अंगण. बाबांनी गार्डला गाठलंच. "ये अंग्रेज लोग बनाया क्या?"

"नहीं अंकल, शेख ने बनवाया. अंदर फौजी रहते थे."

फौजी म्हटल्यावर बाबांचे डोळे चमकले. त्यांनी माझ्या नवऱ्याचा, नितीनचा, हात धरला. नितीन बँकेत आहे. घरात खिळासुद्धा मीच ठोकते.

"जावईबापू, भिंतीची जाडी बघा. आमच्या बराकीचीबी अशीच. ऊन आत पोचंस्तवर संध्याकाळ होती. गोऱ्या सायबानं आधी बसक्या बराकी बांधल्या, शिपाई तापानं पडाय लागले. मग छतं उंच केली, वर वाऱ्याला झरोके ठेवले."

"बाबा, हा दगड समुद्रातला आहे," मी मधे घुसले. "आणि छताला बघा, लाकडावर चटई, वर माती..."

"हां हां," म्हणाले, आणि पुन्हा तिकडेच वळले. "तर जावईबापू, काय सांगत होतो?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. हेवा वाटला हो, सख्ख्या नवऱ्याचा हेवा! दोघं बुरुजावर चढले आणि मला खालून फोटो काढायला सांगितलं. काढले. सगळ्यांत नितीनचं डोकं कापलंय.

जेवायला जवळच्याच मदिनत अश शमाल या गावात थांबलो. साध्या हॉटेलात मासे-भात, तिघांचं साठेक रियालमध्ये पोटभर होतं. मासा ताजा होता, असं हे दोघं म्हणाले. मला चव कळली नाही.

घरी बाबा आडवे झाले आणि मी स्वयंपाकघरात नितीनवर तुटून पडले. "मजा आली ना? बाबा माझे, विषय माझा, आणि मान डोलावणार तू!"

"अगं, मला ओ की ठो कळलं नाही," तो म्हणाला. "मी म्हटलंसुद्धा, बाबा, हे मनीषाला सांगा. तर म्हणाले, ती लई पुढं गेलीय. तिच्यासमोर बोलायला भ्या वाटतं, काय चुकलं तर हसंल. तुम्हाला कायबी सांगितलं तरी चालतंय."

बाबा पुण्याला परत गेले. झुबाराला तुम्ही जरूर जा, अर्धा दिवस पुरतो. माझं म्हणाल, तर बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले, आणि तेही ऐकलं नितीनने. अजून जळते मी.